हळदीतला मार्कर

चांद्याच्या अधिकाऱ्यांच्या क्लबात टेनिस खेळायला पुष्कळ जण यायचे, पण खेळून पोट भरणारा एकटा मुखरू होता. त्याला मार्कर म्हणत. एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही की मार्करने समोर उभं राहायचं, साहेबाला बरा घाम येईल इतपत पळवायचं आणि शेवटी सभ्यपणे हरायचं. खरं सांगायचं तर त्याचा पगार हरण्याचाच होता.

पावसाळ्यात मातीच्या कोर्टाचा चिखल व्हायचा आणि हिवाळ्यात निम्मे साहेब दौऱ्यावर असायचे, म्हणून सगळी झुंबड उन्हाळ्यात. सुट्टीवर आलेली पोरं, मेहुणे, जावई, सगळ्यांना एकदम टेनिसचा उमाळा यायचा. मुखरू पहाटे शेणाने कोर्ट सारवायचा, चुन्याच्या रेघा ओढायचा आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत एकेकाकडून हरत राहायचा. दुपारी फाटलेली जाळी विणायला बसायचा. ढिवराच्या घरचा पोरगा तो, मासोळीचं जाळं विणणाऱ्या बोटांना ही जाळी म्हणजे पोरखेळ. ऊन कललं की पुन्हा हरायला हजर.

क्लबाचे सेक्रेटरी गुणवंतराव मनाने मोठे, पोटाने त्याहून मोठे. रोज संध्याकाळी ते मुखरूला हरवायचे आणि मग चहा पिता पिता तो सगळा खेळ मंडळींना तिखटमीठ लावून सांगायचे. मुखरू बाजूला उभा राहून मान डोलवायचा. चेंडू साहेबांच्या नेमका उजव्या हाताला, कमरेइतका उंच द्यायची सवय त्याच्या मनगटाला अशी जडली होती की झोपेतही चुकला नसता.

त्या वर्षी मे महिन्यात गुणवंतरावांच्या मनात आलं आणि त्यांनी नागपूरच्या एका क्लबाचा मार्कर इस्तारी याला बोलावलं. दोन मार्करांचा सामना, रविवारी संध्याकाळी! पैसे घेऊन खेळतात म्हणून मार्करांना स्पर्धेत कुणी उभं करत नसे. बरोबरीच्या माणसाशी खेळायची मुखरूची ही पहिलीच वेळ. तो हरखून गेला. पण त्याच रविवारी त्याची हळद होती, आणि सोमवारी सिंदेवाहीच्या गोकुळेशी लग्न.

त्याला लहानाचा मोठा करणारी थोरली बहीण चंदाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"हळद लागली का नवरदेव उंबऱ्याबाहेर नाई पडत. नजर लागते, वारं लागते, काय काय लागते!"

"बाई, मले एकदा खरं खेळून पाहाचं आहे," मुखरू म्हणाला. "अन् भेव तर वेगळाच आहे. खरं खेळलो का गुणवंतराव सायबाले समजन, का ते मले कदीच हरवत नोयते. मंग मले ठेवतीन का काढतीन, देव जाणे."

"मंग काऊन जाऊन राह्यला?"

"मले खेळता येते का नाई, हे मलेच ठाऊक नाई ना!"

मग चंदाबाईने नजर लागू नये म्हणून नवरदेवाजवळ ठेवायचा, लिंबू खोचलेला चाकू उचलला आणि पदर खोचला. "चाल. पन मी संग येईन."

नखशिखांत पिवळा नवरदेव पांढरी चड्डी घालून कोर्टावर उतरला तेव्हा खुर्च्यांमध्ये एकच हशा पिकला. पंच झालेले डॉक्टर म्हणाले, कोर्टावर चाकू चालणार नाही. चंदाबाई म्हणाली, चाकू नवरदेवापासून दूर जाणार नाही. शेवटी असं ठरलं की तिने चाकू घेऊन रेघेमागे उभं राहायचं. मुखरूने बाजू बदलली की तीही चाकू सांभाळत, जाळीला वळसा घालून त्याच्यामागे. घटकाभरात पांढरे चेंडू पिवळे झाले आणि इस्तारीचे हातही.

"भाऊ, माह्यं लगन कवाच झालं," तो ओरडला, "मले काऊन हळद लावून राह्यला?"

पहिला सेट मुखरू हरला. चेंडू कसाही येवो, परत जाताना तो इस्तारीच्या उजव्या हाताला, कमरेइतका उंच, आणि इस्तारी त्याचा भुगा करायचा. मुखरूला आपल्याच मनगटाची चीड आली. तेवढ्यात मागून चंदाबाई कडाडली.

"अबे, त्याच्या हातात नेऊन काऊन देतं? तो काय तुह्या सायेब आहे?"

मुखरूने गुणवंतरावांच्या खुर्चीकडे पाहिलं. ते खुशीत मिशा कुरवाळत होते. मग त्याने नजर वळवली आणि पुढचा चेंडू कोर्टाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, रेघेला चिकटून टाकला. इस्तारी जागचा हललाच नाही. पुढे मुखरू असा खेळला की चंदाबाईची धावपळ करताना पुरेवाट झाली. दुसरा सेट त्याचा, तिसराही त्याचाच. इस्तारीने जाळी ओलांडून त्याला मिठी मारली आणि उरलीसुरली हळद स्वतःच्या अंगावर घेतली.

सगळे टाळ्या वाजवत होते. गुणवंतराव तेवढे बसून होते, चेहरा पडलेला.

"मुखरू," ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तू मला..."

मुखरू खाली पाहत रॅकेटच्या मुठीवरची हळद पुसू लागला.

"लग्न आटपून ये," गुणवंतराव म्हणाले. "मग माझ्याशी असंच खेळायचं. अगदी असंच. नाहीतर येऊच नकोस."

लग्न थाटात झालं, पण नवरदेवाच्या घशाखाली लाडू उतरेना.

परतल्यावर संध्याकाळी तो आणि गुणवंतराव कोर्टावर समोरासमोर उभे राहिले. मुखरूने जराही दयामाया दाखवली नाही. गुणवंतराव धापा टाकत होते, घसरत होते, दोनदा पडले आणि एकही गेम त्यांना मिळाला नाही. अगदी शेवटाकडे मुखरू पुढे धावून आला असताना त्यांनी चेंडू त्याच्या डोक्यावरून उडवला. मुखरू जिवाच्या आकांताने मागे धावला, झेपावला, तरी चेंडू रॅकेटपासून वीतभर दूर टप्पा खाऊन गेला.

गुणवंतरावांचा विश्वास बसेना. "हा... हा तू दिलास?"

"नाई सायेब," मुखरू मातीत पडल्या पडल्या हसत म्हणाला. "हा तुमचाच."

त्या संध्याकाळी गुणवंतरावांनी चहाचा कप थंड होऊ दिला, आणि सगळ्या मंडळींना फक्त तो एक चेंडू सांगितला.