कोणाची गं तू?

कॅनडात किचनरमध्ये माझं टायरचं दुकान आहे. कऱ्हाडहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गॅरेजात चाकं काढत होतो. पुढं दुकान स्वतःचं केलं, कुणाच्या ओळखीवर नाही. घासाघिशीत माझ्यापुढं गिऱ्हाईक टिकत नाही, आणि वाकडं बोललं तर मी त्याला दार दाखवतो. हे आधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला शाळेचा हॉल घेतला होता. मंडळात बहुतेक सगळे सॉफ्टवेअरवाले. त्यांचा पहिला प्रश्न, कुठल्या कंपनीत? टेबलं दरवर्षी माझ्या व्हॅनमधून येतात, आणि बर्फ पडायच्या आधी विंटर टायर लावायचे म्हटलं की सगळ्यांना मी आठवतो. सेक्रेटरीनं पुण्याहून आलेल्या आपल्या सासूबाईंशी माझी ओळख करून दिली, "हे आपले टायरवाले." मी हसलो. बाईंनी मग शेजारी बसलेल्या माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला विचारलं, "आणि तू कोणाची गं?"

आमच्याकडं या प्रश्नाला बापाचं नाव सांगतात. मुलीनं मांडीवरच्या पुस्तकातून मान वर केली. "आय डोन्ट बिलाँग टू एनीबडी," म्हणाली आणि परत वाचायला लागली. आजूबाजूचे हसले. इकडची मुलं हजरजबाबी असतात हो, असं बाई म्हणाल्या. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. टायरवाल्याची म्हणवून घ्यायची पोरीला लाज वाटली, दुसरं काय?

हे तिच्या डोक्यात कुणी भरलं ते बघायला मी ते पुस्तक तिच्या बॅगेतून काढलं आणि दुकानात नेलं. ऐन सीझन होता. एक गाडी उतरवून दुसरी जॅकवर चढेपर्यंत जेवढं होईल तेवढं वाचायचो. इंग्रजी सोपं होतं, त्यामुळं राग भराभर येत गेला.

भिंतीआडचं एक शहर. सोळावं लागलं की सरकार प्रत्येकाच्या हातात एक किल्ली देतं. ती ज्या दाराला लागेल ते त्याचं घर. गोष्टीतल्या मुलीची किल्ली बापाच्या दाराला लागत नाही, म्हणून ती गल्लोगल्ली दारं शोधत फिरते. आणि बाप काय करतो? खिडकीत उभा राहून तिला जाताना बघतो. तिथं मी पुस्तक काउंटरवर आपटलं. किल्ली लागत नाही म्हणे. अरे, तू आत आहेस ना? आतून कडी काढ.

पुस्तक शोधत मुलगी शाळेतून थेट दुकानात आली. पानांवर माझी काळी बोटं उठलेली तिनं बघितली. मीच बोललो. हा कसला बाप, आतून दार उघडत नाही?

"शेजारी बघत असतात ना, बाबा."

मग मी सरळ विचारलं, "माझी लाज वाटते तुला?"

"कधी कधी." दुकानाची नाही, हातांची तर नाहीच, हे तिनं इंग्रजीत भराभरा सांगून टाकलं. मग मराठीत आली. "इथं कुणी उलटं बोललं तर तुम्ही त्याला हाकलता. तिथं ते टायरवाले म्हणतात आणि तुम्ही हसता. मला त्या हसणाऱ्या माणसाचं नाव सांगायचं नव्हतं."

मी खूप ओरडलो. धंदा म्हणजे काय ते तुला कळत नाही, चार माणसं सांभाळावी लागतात, असलं बरंच काही. ती पुस्तक घेऊन बसनं निघून गेली. त्यानंतर एका गाडीचे नट मी इतके आवळले, की माझ्या कामगाराला ते सोडवून पुन्हा बसवावे लागले.

शनिवारी दुकानात सेक्रेटरीचा फोन आला. "टायरवाले आहेत का?"

मी म्हटलं, "कोण हवंय? नाव सांगा."

तो हसला. अहो, मी बोलतोय, आवाज ओळखला नाही का?

"तुम्हाला ओळखलं. तुम्हाला कोण हवंय?"

पलीकडं काहीच ऐकू येईना. दहा वर्षं माझ्या व्हॅनमधून टेबलं उतरवून घेणारा माणूस माझं नाव शोधत होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर मुलगी वाचत बसली होती, पण पान उलटत नव्हती. मी फोन ठेवला नाही. घासाघिशीत जे करतो तेच केलं, गप्प राहिलो.