चाचांचं सुट्टीचं रजिस्टर

गडमुडशिंगीच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीचं करायचं काय, हे मला शिकवलं ते आमच्या कारखान्याच्या संगणक विभागाच्या प्रमुखांनी. आईवडिलांच्या खालोखाल मी ऋणी आहे तो त्यांचाच. सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. दुसऱ्याच्या सुट्टीची इतकी काळजी करणारा आणि स्वतःच्या सुट्टीला इतका घाबरणारा माणूस उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही.

आमच्याकडे पंपांचे ओतीव भाग बनतात. प्रत्येक भागाचं ड्रॉइंग संगणकावर असतं, आणि ती सगळी ड्रॉइंगं सर्व्हरच्या एका जोडीवर. एक काम करतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो. पहिला बंद पडला की दुसरा लगेच काम उचलतो. चाचा मूळचे कबनूरचे, वडील यंत्रमागावर. त्यांनी हे मला एका दमात समजावलं, "एकजण पाणी प्यायला गेला तर शेजारच्यानं त्येचा माग बघायचा. येवढंच हाय." जोडीला त्यांनी नावं दिली होती थोरला आणि धाकटा. खोलीत शिरताना चपला बाहेर. आत गेल्यावर आधी दोघांच्या पंख्यांना कान लावायचा, संगणकाचा पडदा मागाहून बघायचा. सॉफ्टवेअर कंपनीच्या पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला, तर "पावणं, जेवलासा काय?" असं विचारल्याशिवाय तक्रार सांगायची नाही. एकदा तो बिचारा खरं बोलला, नाही म्हणाला. चाचांनी "मग जेवा आधी" म्हणून फोन ठेवला आणि अर्ध्या तासाने परत लावला. तोवर आम्ही सगळे त्याच्या जेवणाकडे डोळे लावून बसलो होतो.

दर शनिवारी, ऐन कामाच्या वेळी, चाचा दोघांपैकी एकाला मुद्दाम बंद करत. याचं नाव सुट्टी. त्याचं एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यात सुट्टीवर कोण, काम कुणी केलं आणि शेरा, असे रकाने. शेरा बहुतेक एकच असे, 'कुणाला कळलं न्हाय.' त्यांच्या लेखी याहून मोठी शाबासकी नव्हती. चालू काम कशाला बंद पाडायचं, असं मी नवा असताना विचारलं होतं. "सुट्टी दिल्याबिगर दुसऱ्याला काम येतंय का न्हाय ते कळणार कसं गा?" हे उत्तर देणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी बायपास करून घ्या म्हणून केव्हाच सांगितलं होतं, आणि ते 'पुढच्या महिन्यात' म्हणत होते. चाची ऑफिसच्या फोनवर मलाच झापायच्या, "दोन मशीनला सुट्टी मिळतीया, एका माणसाला न्हाय व्हय? सांग तुझ्या साहेबाला."

तेवढ्यात सर्व्हरवरची जागा भरत आली. जुनी, वर्षानुवर्षं न उघडलेली ड्रॉइंगं वेगळ्या मोठ्या कोठारात हलवणारी सॉफ्टवेअरची एक सेवा बसवायचं ठरलं. ड्रॉइंग कोठारात जातं, मूळ जागी फक्त नावाची चिठ्ठी राहते. चिठ्ठी उघडली की सेवा ड्रॉइंग आणून देते. कुठली हलवायची हे सेवा आपणहून ठरवते, पण चाचांचा तिच्यावर विश्वास बसेना. ते यादीचा कागद घेऊन, ओतकामाचे लाकडी नमुने बनतात त्या पॅटर्न शॉपमध्ये मिस्त्रींकडे गेले. "मिस्त्री, हे ड्रॉइंग हलवू का?" मिस्त्रींनी चष्मा वर केला. "हलवा की. पर हाक मारली की आलं पायजे."

सेवेची जोडणी चाचांनी माझ्यावर सोपवली. "दोन्हीकडं तूच कर. तुझं झालं की मी दवाखान्यात." ऑपरेशनची तारीखही घेतली.

थोरल्यावर मी आठवडाभर जीव ओतला. धाकट्यावर सेवा बसवली, पण तिला कोठाराचा पत्ता आणि पासवर्ड द्यायचा राहिला. शनिवारी थोरल्याला सुट्टी दिली आणि दहा मिनिटांत ड्रॉइंग विभागाच्या बाई दारात. "चाचा, जुन्या केसिंगचं ड्रॉइंग नाव दाखवतंय, पण उघडेना. गिऱ्हाईक फोनवर आहे." चाचांनी थोरल्याला सुट्टीवरून परत बोलावलं. ड्रॉइंग उघडलं. मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"लिही."

"काय लिहू?"

"झालं ते."

मी लिहिलं, 'सगळ्यांना कळलं.' मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. माझं इथलं संपलं असंच धरून चाललो होतो. चाचा म्हणाले, "तोंड पाडू नगंस मर्दा. आज घावलं ते बरं झालं. मी छाती उघडून पडल्यावर घावलं असतं तर?" आणि दवाखान्याला फोन करून त्यांनी पुढची तारीख घेतली. माझ्या एका विसरण्यापायी त्यांचं ऑपरेशन तीन आठवडे लांबलं. त्या दिवशी चाचींचा फोन आला तेव्हा त्यांनी मला झापलं नाही, नुसतं 'साहेबाला दे' म्हणाल्या. ते जास्त लागलं.

थोरल्याची एकेक नोंद कागदावर उतरवून मी धाकट्यावर ताडून पाहिली, बोट ठेवून, शाळेत पाढे तपासत तसं. पुढच्या तिन्ही शनिवारी शेऱ्यात चाचांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'कुणाला कळलं न्हाय.' मग ते दवाखान्यात दाखल झाले. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर येताच त्यांनी मोबाईल मागितला आणि चाचींनी तो पर्समध्ये घातला. म्हणून मी त्यांच्या डब्याबरोबर ही चिठ्ठी पाठवली.

आदरणीय चाचा,

सलाम. काल शनिवार होता. थोरल्याला सुट्टी दिली. धाकट्याने जुन्या केसिंगचं ड्रॉइंग कोठारातून आणून दिलं, बाईंना पत्ताही लागला नाही. शेरा तुमचाच लिहिला आहे. पुण्याच्या पावण्यांना जेवलात का विचारलं. ते म्हणाले, आधी चाचा जेवतात का ते सांगा. मिस्त्री दोनदा येऊन गेले, चपला बाहेर काढून. आत आले, तुमची खुर्ची बघितली आणि परत गेले. पंख्यांना मी रोज कान लावतो, पण मला त्यातलं अजून काही कळत नाही.

रजिस्टरात तुम्हाला न विचारता आणखी एक ओळ लिहिली आहे. सुट्टीवर: चाचा. काम कुणी केलं: तिथे माझं नाव घातलंय. शेऱ्यात तुमचं नेहमीचं वाक्य लिहायला गेलो. पण झालं तेच लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून लिहिलंय, 'सगळ्यांना कळलं.'