वाचा गेली, गाणं राहिलं

माझं पोट माझ्या गळ्यावर चालायचं. जालन्याच्या मोंढ्यात मोसंबीच्या ढिगांची हर्रास मी बोलायचो. ढिगाशेजारी उभं राहायचं, व्यापाऱ्यांच्या तोंडांकडे बघत भाव चढवत न्यायचा, कुणाची नुसती भुवई हलली तरी तिची बोली धरायची आणि सौदा पक्का झाला की पुढच्या ढिगाकडे. ज्यांच्या आडतीवर शेतकरी माल आणून टाकायचे ते आमचे शेठ सगळ्यांना सांगायचे, "ह्याला झोपेतून उठवलं तरी हा भावच बोलंल."

एका सकाळी दाढी करताना उजव्या हातातून वस्तरा गळून पडला. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, तर बाहेर आलं, "बराबर."

ती भाकरी टाकत होती. म्हणाली, "काय बराबर?"

मी म्हणालो, "बराबर, बराबर." तिनं वळून माझं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि तवा तसाच ठेवून रिक्षा बोलवायला पळाली.

मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, पाय वाचला, हात लुळा राहिला आणि बोलणं गेलं. सगळे शब्द डोक्यात जागच्या जागी होते. तोंडाच्या दारापर्यंत आले की त्यांना ढकलून तो एकच शब्द पुढे पळायचा. डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं. बराबर. गाव विचारलं. बराबर. काही चुकतंय हे मला ऐकू येत होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. बायको आधी रडली. मग पदरानं डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं.

"लग्न झाल्यापासून माझ्या एका गोष्टीला तुम्ही बराबर म्हणाले न्हाई," ती म्हणाली. "आता सगळ्यालाच म्हणून राह्यले."

बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीलाही हसू आवरेना. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

घरी आल्यावर माझा धीर सुटला. कुणी भेटायला आलं की मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचो. ज्याला बोलता येत नाही त्याला मोंढ्यात कोण उभं करणार? उजव्या हातानं गोणीही उचलली जात नव्हती. संध्याकाळची घरची प्रार्थना नेहमी मी करायचो. ती आता बायको करायची आणि मी डोळे मिटून तिच्या शब्दांवर मनातल्या मनात चिडायचो. एके दिवशी तिनं दिवा लावला, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "आज तुम्ही करा."

मी रागानं मान हलवली. ती डोळे मिटून बसली ती बसलीच. प्रार्थना झाल्याशिवाय ही उठणार नाही, हे मला माहीत होतं. शेवटी मीही डोळे मिटले.

"बराबर," मी म्हणालो. मनात हाताबद्दल होतं. "बराबर," म्हणालो, तेव्हा मोंढ्याबद्दल. मग भीतीबद्दल, मग हिच्या सुजलेल्या डोळ्यांबद्दल. प्रत्येक गोष्ट प्रभूपुढं ठेवताना तोच शब्द. तिनं "आमेन" म्हटलं आणि मला एकदम हलकं वाटलं. आयुष्यभर आरोळ्या ठोकून माणसांना भाव समजावला. प्रभूला समजायला आरोळी लागत नव्हती. त्या संध्याकाळी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तरी चर्चला जायची छाती होईना. शेवटी बायकोनं एका रविवारी इस्त्रीचा शर्ट माझ्या अंगात घातला, लुळा हात बाहीतून ओढून काढला आणि मला रिक्षात बसवलं. आम्ही सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. ढोलकी सुरू झाली, झांज वाजली आणि प्रभूला मेंढपाळ म्हणणारं जुनं गाणं निघालं. हे गाणं माझी आई भोकरदनकडच्या आमच्या गावात खुरपताना म्हणायची. मी नुसतं तोंड उघडलं, आणि पहिली ओळ अख्खी बाहेर आली.

मी घाबरून गप्प झालो. दुसरी ओळ आली तेव्हा जपून जीभ हलवली. तीही आली, जोडाक्षरांसकट. बायको गायची थांबली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू माझ्या तोंडातून चिमण्या उडत होत्या. पुढच्या बाकावरच्या बाया वळल्या. त्यांच्या पुढच्या वळल्या. पाळकसाहेबांनी पाहिलं, ढोलकीवाल्याला हातानं खूण केली, थांबू नको, आणि शेवटचं कडवं संपताच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मग आणखी एकदा. प्रवचनाला त्या दिवशी फार उशीर झाला.

पाळकसाहेब खाली उतरून माझ्यापाशी आले. म्हणाले, "कसं वाटून राह्यलं?"

मी म्हणालो, "बराबर."

सगळं चर्च हसलं. मी इतका हसलो की मला ठसका लागला आणि पाणी पाजावं लागलं.

बायकोनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्याही खूश झाल्या. म्हणाल्या, असं होतं, बोलण्याची आणि गाण्याची वाट मेंदूत थोडी वेगळी असते. लागणारे शब्द चालीवर म्हणत जा. बायकोचं म्हणणं, वाट वेगळी ठेवली कुणी, ते त्यांनी सांगितलं न्हाई.

मंग काय विचारता. आमच्या घरात सगळं गाण्यात सुरू झालं. चहा मेंढपाळाच्या चालीवर मागायचा. गरम पाणी भर उन्हाळ्यात नाताळच्या चालीवर. बायको दुसऱ्या खोलीतून त्याच चालीवर उत्तर द्यायची. शेजारच्या मावशींनी विचारलं, "तुमच्याकडं रोज कार्यक्रम असतो का?" एकदा घाईत मला सुचली ती मातीच्या वेळी म्हणायच्या गाण्याची चाल, आणि मी त्या चालीवर गायलो, भाजीत मीठ कमी. बायको म्हणाली, "मेल्याची चाल कशाला लावता? भाजी जिती हाय अजून."

मोसंबीचा हंगाम आला आणि शेठनी निरोप पाठवला, नुसते येऊन बसा. मला मोंढ्याची जितकी भीती वाटत होती तितकी दवाखान्याचीही वाटली नव्हती. चर्चमधली माणसं माझी होती. व्यापारी कुणाचेच नसतात. निघताना बायकोनं माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि चपला घालून सोबत निघाली.

माझ्या जागी जो हर्रास बोलायचा त्याचा घसा त्या दिवशी बसला होता. शेठ म्हणाले, "एक ढीग बोलून बघा. न्हाई जमलं तर काय बिघडतं." ढिगाशेजारी उभा राहिलो, डोळे मिटले, मनातल्या मनात प्रभूला हाक मारली आणि जी पहिली चाल हाताला लागली ती धरली. नाताळची होती. पहिला भाव मी गायला.

सगळा मोंढा वळून बघायला लागला. कुणीतरी खुदकन हसलं. पण आता थांबलो तर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही हे कळत होतं. मी दुसऱ्यांदा गायलो, मोठ्यानं. तेव्हा एका फेटेवाल्या व्यापाऱ्यानं चढा भाव त्याच चालीवर परत गायला. भसाडा होता, पण सुरात. मग दुसरा उठला. हमालांनी रिकाम्या क्रेटवर ठेका धरला. भाव चढला की सूर चढायचा, आणि एक जाडजूड व्यापारी केवळ सूर पुरेना म्हणून मागं हटला. शेठ उपरण्यानं डोळे पुसत होते. ज्याची मोसंबी होती तो शेतकरी टाळ्या पिटत होता. आणि मी गात होतो, हसत होतो, लुळा हातसुद्धा जरासा हलवत होतो.

आता मी बोलतो. हळू, अडखळत, पण माझे शब्द. सकाळचे काही ढीग अजून माझ्याकडे असतात आणि व्यापारी सांगतात, काका, चालीवरच घ्या.

त्या दिवशी मात्र बोलणं आलेलं नव्हतं. बायको गर्दीमुळे फाटकापाशीच थांबली होती, तिला आत काय झालं ते दिसलं नव्हतं. मस्तगडकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात बसताच ती म्हणाली, "सांगा ना." मी सगळी हकिकत गाऊन सांगायला लागलो. बाजूची बाई पिशवी मांडीवर घेऊन ऐकायला लागली. रिक्षावाल्यानं रिक्षात लावलेलं गाणं बंद केलं. आमचं ठिकाण आलं तरी त्यानं रिक्षा थांबवलीच नाही.

बायको म्हणाली, "अहो, आम्हाला इथं उतरायचं व्हतं."

"सोडतो ना माघारी," तो म्हणाला. "काका, तो फेटेवाला जिंकला का हरला, ते सांगा आधी."