शेजारणीची भाकर

आदिलाबादेत माझ्या शेजारी एक म्हातारी राहायची. उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ मळून ती रोज सकाळी एकच भाकर थापायची. तिचे स्वतःचे दात गेलेले. रेशनचा तांदूळ घरात आल्यापासून लेक-सून भातच खायचे. पण हाताला सवय. भाकर टम्म फुगली की लगेच भिंतीवरून मला द्यायची.

"गरम हाये तवर खा, मास्तर."

मलाही आता भातच लागे. तिची पाठ वळली की मी ती भाकर गल्लीतल्या गाईपुढं टाकायचो. एकदा तिनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशीही भिंतीवरून भाकर आली. हाताला गार लागली.

"निवू देली, मास्तर," ती म्हणाली. "गाईचं तोंड पोळते."