भिंतीवरचा पोपट

ही हकीकत माझ्या तोंडून खूप जणांनी ऐकली आहे. फॅक्टरीतल्या मित्रांनी, नातेवाइकांनी, शेजारपाजाऱ्यांनी — आणि चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीनेही. पण जशी घडली तशी ती मी आजवर एकालाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोणी लागत नाही, त्यामुळे कदाचित जमेल. मध्येच अडलो तर जरा धीर धरा.

खडकीच्या फॅक्टरीत मी चौतीस वर्षं काढली. सुनंदा, म्हणजे माझी बायको — होती तेव्हा — महापालिकेच्या शाळेत शिकवायची. आमचं पटलं नाही. का पटलं नाही हे सांगत बसलो तर मी पुन्हा स्वतःची बाजू मांडायला लागेन, आणि त्यात मी भलताच तरबेज आहे. एवढंच सांगतो की एका दुपारी ड्यूटीवरून आलो तर क्वार्टरला कुलूप होतं. सुनंदा चार वर्षांच्या प्रज्ञाला घेऊन येरवड्याला माहेरी निघून गेली होती. किल्ली शेजारी ठेवलेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. दगा — दुसरा शब्द मला तेव्हा सुचला नाही. खरं सांगू? आजही सुचत नाही.

कोर्टात सात महिने गेले. मग ठरलं की महिन्यातून दोन शनिवार, दुपारी तीन ते पाच, कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत मी मुलीला भेटायचं. शनिवारी फॅक्टरी चालू असायची. मधल्या वेळी बाहेर पडायचं तर गेट पास लागायचा — साहेबाची सही, कारण, गेटवर वेळेचा शिक्का. अर्धा तुकडा गेटवर जमा, अर्धा आपल्या खिशात. कारणाच्या रकान्यात मी लिहायचो, 'मुलीची भेट'. साहेब सही करताना मान खाली घालायचे. भला माणूस होता.

सोमवारी मित्र विचारायचे, "भेटली का रे पोरगी?" मी मान हलवायचो. "आणलीच नाही तिने. पाच वाजेपर्यंत बसलो." मग कोणीतरी माझ्यासमोर डबा सरकवायचं, कोणीतरी सुनंदाच्या नावाने बोटं मोडायचं. फसवल्या गेलेल्या माणसाला आपल्याकडे फार मान असतो हो. असा मान मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. दोन वर्षांनी मी जाणं थांबवलं तेव्हाही कोणी मला बोल लावला नाही. "किती दिवस रिकाम्या हाताने परत यायचं माणसाने?" असं माझी आईच सगळ्यांना सांगायची. सुनेला शिव्याशाप देतच ती गेली. मी तिच्या उशाशी बसून ऐकत होतो — आणि तिला एका शब्दाने अडवलं नाही.

मधली सतरा-अठरा वर्षं सोडून देतो. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

चार वर्षांपूर्वी फोन आला. "मी प्रज्ञा बोलतेय." तिने कोणाकडून तरी नंबर मिळवला होता. हिंजवडीला नोकरी लागली होती, तिथल्याच एका हॉटेलात भेटायचं ठरलं. मी अर्धा तास आधी जाऊन बसलो. ती आली, गळ्यात कंपनीचं कार्ड, हनुवटी थेट माझ्या आईची. मला वाटलं होतं, रडारड होईल. कसलं काय! बसल्या बसल्या तिने सरळ विचारलं, "तुम्ही मला भेटायला का नाही आलात?"

खरं सांगायला तो क्षण किती सोपा होता! वीस वर्षांत इतकी सोय मला कोणी करून दिली नव्हती. पण जीभ कशी असते — ज्या वाटेची सवय, त्याच वाटेने जाते. "यायचो," मी म्हणालो. "महिन्यातले दोन शनिवार. तुझी आई तुला आणायची नाही."

ती म्हणाली, "सीरियसली?"

पुढच्या रविवारी ती माझ्या घरी आली तेव्हा मी ट्रंकेतून गेट पासचे तुकडे काढून तिच्यापुढे ठेवले. चाळीसेक तरी होते. पिवळे पडलेले, पण शिक्के स्पष्ट, तारखा स्पष्ट. आणि प्रत्येकावर माझ्या अक्षरात, 'मुलीची भेट'. एकही तुकडा खोटा नव्हता. एकेक उचलून ती वाचत राहिली आणि मग — माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. चोवीस वर्षांची पोर. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. त्या दुपारी मला इतकं सुख झालं की लाज वाटायलासुद्धा जागा उरली नाही.

जाताना ती दारात थांबली. "बाबा, मला एक खोली आठवते. छोट्या खुर्च्या, भिंतीवर हिरवा पोपट. मी कोणाची तरी वाट बघतेय. ते काय होतं?"

"असेल तुझी बालवाडी," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. थोडा विचार करून म्हणाली, "लहानपणीचं काय, माणूस मनाचंच काहीतरी जोडतो."

आता इथे अडलो मी. चहा करून आलो मघाशी, तोही तसाच गार झाला. सांगतो.

पहिल्या शनिवारी मी त्या खोलीत गेलो होतो. तिच्यासाठी लाल फ्रॉक घेतला होता, वर गळ्याशी सोनेरी बटणं. सुनंदा तिला घेऊन वेळेवर आली. वेळेच्या बाबतीत ती मास्तरीणच. प्रज्ञाने मला पाहिलं आणि आईच्या पदरामागे गेली. मी हात पुढे केले. तिने आईला विचारलं, "हे काका कोण?" आजूबाजूला सात-आठ बाप आपापली पोरं घेऊन बसलेले. सगळ्यांनी ऐकलं. मी हसलो, फ्रॉक काढला, तिला घालायला गेलो — तर तो खांद्यातच अडकला. सात महिन्यांत पोर वाढली होती आणि मी जुन्याच मापाने घेऊन आलो होतो. ती रडायला लागली. सुनंदाने फ्रॉक हलकेच काढला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. बोलली काहीच नाही. बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

मला वाटलं, हे हिनेच शिकवलंय. काका म्हणायला हिनेच शिकवलंय. चार वर्षांच्या मुलीनेही मला दगा दिला — असं वाटलं मला. हो, असंच. शब्द बदलत नाही.

पुढच्या शनिवारी मी गेट पास काढला, साहेबांची सही घेतली, बस पकडून कोर्टापर्यंत गेलो, आणि रस्त्याच्या अलीकडे थांबलो. तिथेच चहाची टपरी होती. म्हटलं, एक कप पिऊन जाऊ. तीन वाजता त्या दोघी फाटकातून आत जाताना दिसल्या. पाच वाजता बाहेर येताना दिसल्या. मधल्या दोन तासांत मी रस्ता ओलांडला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. दोन वर्षं, ठरलेल्या जवळजवळ प्रत्येक शनिवारी, सुनंदा तिला घेऊन आली आणि मी टपरीवर बसून राहिलो. तिचा युनिफॉर्म बदलला, वेण्या आल्या, पुढचे दात पडले — सगळं मी रस्त्यापलीकडून पाहिलं. भीती कसली होती? पुन्हा 'काका' ऐकण्याची. इतकीच. इतक्याशा भीतीसाठी मी एका बाईला वीस वर्षं गावभर बदनाम केलं.

आणि आता मुलीच्याही मनातून उतरवलं.

प्रज्ञा ते तुकडे घेऊन येरवड्याला गेली. आईसमोर ठेवले. "बाबा दर शनिवारी यायचे?" सुनंदाने तुकडे पाहिले आणि म्हणाली, "हो, यायचे." "तुला माहीत होतं?" "होतं." बस, एवढंच. प्रज्ञाला वाटलं, चोर कबूल झाला. महिन्याभरात तिने आईचं घर सोडलं, वाकडला फ्लॅट घेतला, आईला फोन करणंसुद्धा बंद केलं. हे सगळं तिने मला रडत रडत सांगितलं, आणि मी — मी तिला पाणी दिलं. बोललो नाही. सुनंदा 'हो' का म्हणाली, हे मला कळेना. पण जे फावलंय ते कशाला बिघडवा? असाच विचार केला मी.

दीड वर्षापूर्वी प्रज्ञाचं लग्न झालं, आमच्याच विहारात. आईला आमंत्रण नव्हतं. भन्तेजींच्या मागून आम्ही सगळे पंचशील म्हणत होतो. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून पाठ असलेली ती ओळ — माझ्या तोंडातून फुटेना. शेजारी प्रज्ञा होती. तिला वाटलं, बाबांना भरून आलंय. तिने माझा हात दाबला. पाचवं शील मी मोठ्याने म्हटलं.

सुनंदाची माझी गाठ परवा पडली. माझा चुलतभाऊ वारला, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती आली होती. केस पांढरे, चालणं तेच. कार्यक्रम संपल्यावर ती चहा वाटत होती. माझ्यासमोर कप ठेवत म्हणाली, "एकाने भागेल ना? तिथे दोन व्हायचे तुमचे. कधी कधी तीन."

मला काही कळलं नाही. म्हणजे कळलं, पण कळू द्यायचं नव्हतं.

"त्या खोलीला खिडकी होती," ती म्हणाली. "मी प्रज्ञाची खुर्ची फिरवून ठेवायचे. पाठ रस्त्याकडे."

मी विचारलं, "मग तिला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? बाप समोर बसायचा पण रस्ता ओलांडायचा नाही?" आवाज अजिबात चढला नव्हता. वर्गात बोलावं तसं. "त्यापेक्षा आई वाईट, हे पोराला सोसतं. आणि खोटं कुठे बोलले मी? तुम्ही यायचात." मग ट्रे उचलला. "ती कागद घेऊन आली, त्या दिवशी वाटलं होतं — पुढचं आता तुम्ही सांगाल. संध्याकाळी सांगाल, उद्या सांगाल. मी फोनजवळ बसून असायचे."

असं म्हणून ती पुढच्या माणसाला चहा द्यायला गेली.

इतकी वर्षं मी दगा दगा म्हणत आलो. ती बाई मात्र दोन वर्षं माझ्याकडे खिडकीतून बघत होती, आणि मुलीला ते दिसू नये म्हणून खुर्ची फिरवत होती. फोनजवळ बसून तिने माझ्यावर विश्वास टाकला होता — माझ्यावर! कोणी सांगितलं होतं तिला?

प्रज्ञाला आता आठवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, आपल्याकडची रीत. "माहेर म्हणजे आता तुम्हीच," असं म्हणून ती येत्या रविवारी सामान घेऊन माझ्या दोन खोल्यांत राहायला येणार आहे. मला डिंकाचे लाडू येत नाहीत, बाळाला न्हाऊ घालणं येत नाही. शेजारच्या मावशींनी विचारलं, "आणि हिची आई?" प्रज्ञाने माझ्यासमोर उत्तर दिलं, "आई नाहीये मला." मी खाली बघून बाळासाठी आणलेली टोपडी मोजत होतो. त्याही वेळी गप्प बसलो. हे परवाच्या चहानंतरचं आहे, लक्षात घ्या. सगळं कळल्यानंतरचं.

रविवारी ती आली की बॅग खाली ठेवायच्या आधी तिला सांगायचंय. कदाचित ती बॅग उचलून परत जाईल. जाऊ दे. येरवड्याला रिक्षा कुठून मिळते, ते तिला माहीत आहे.

सुरुवात कुठून करायची ते ठरवलंय. गेट पासपासून नाही. ती बालवाडी नव्हती, इथपासून. छोट्या खुर्च्या होत्या, भिंतीवर पोपट होता आणि तो हिरवाच होता. ती तिथे वाट बघत बसायची. तिने मनाचं काही जोडलेलं नाही. तिला बरोबर आठवतंय.