न फाटणारा मासा

आमच्या शेडमध्ये रबराचा चुरा कुठं कुठं अडकेल ते सांगता येत नाही. वेणीत, पदराच्या गाठीत, डब्याच्या झाकणात. घरी जाऊन झटकलं तरी सकाळी एखादा तुकडा निघतोच. इथल्या गोष्टींचं पण तसंच. मी काही जमवायला जात नाही. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, त्यात गोष्टी कधी जमवू? पण निघतात.

हुलसूरच्या बाहेर रस्त्याला लागून अण्णांची पत्र्याची शेड आहे. तिथं आम्ही मऊ प्लॅस्टिक साच्यात ओतून मासे बनवतो. रबरी मासे म्हणतो आम्ही. बोटाएवढे, डुलणाऱ्या शेपटीचे. गळाला लावून पाण्यात ओढले की खऱ्या माशाला वाटतं, खाऊ आला. आमची ऑर्डर परदेशातली, तिकडच्या बास नावाच्या माशासाठी. तिकडून तक्रार आली की दोन मासे चावले की तुमचा माल फाटतो. तेव्हापासून अण्णा न फाटणारा मासा बनवायच्या मागं लागलेत. टेस्टिंगचं काम माझ्याकडं आणि महादेवी अक्काकडं.

माझी गौरी चौदा महिन्यांची. घरचे सगळे शेतात जातात, म्हणून ती पण शेडमध्येच, माझ्या टेबलाखाली चटईवर. तिला अजून एक पण दात नाही. सासूबाईंचं म्हणणं, रबराच्या वासानं दात अडलेत. "पंचमीपस्तोर आला तर बरं. न्हाई तर काम सोड आन लेकरू संभाळ." डॉक्टर म्हणाले, येतील. पण डॉक्टर आमच्या घरी राहत नाहीत.

रोज सकाळी मी स्टीलचा चमचा तिच्या हिरडीवर हळूच टेकवते. दात असला तर टिक वाजतं. वाजत नाही. मग आम्ही दोघी कामाला येतो.

*

अण्णांनी टेस्टिंगचं रजिस्टर केलं. तीन रकाने. नंबर, कोण चावलं, फाटला का.

अण्णांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. खरा मासा त्यांनी कधी हातात धरलेला नाही. पहिल्याच दिवशी अक्कानं विचारलं, "अण्णा, तुमी कवा मासा चाखला न्हाई, आन गिऱ्हाइकाला कसं सांगायलाव, ह्याला मासा चावतो म्हणून?"

अण्णा म्हणाले, "चप्पल इकणारा चप्पल खातो का, अक्का?"

*

पहिली टेस्ट ओढायची. रबरी मासा खिळ्याला अडकवायचा, खाली किराणा दुकानातलं दोन किलोचं वजन बांधायचं आणि बघत उभं राहायचं. जुना माल मिनिटात तुटायचा. नवा काही तुटेना. तो नुसता लांब लांब होत गेला.

अर्ध्या तासानं अण्णा आले. "फाटला का?"

"न्हाई," अक्का म्हणाली. "वजन जमिनीवर बसून आराम करायलंय. उभं आमालाच केलंय."

*

मग पोहायची टेस्ट. शेडच्या मागं सिमेंटचा हौद आहे, शेजाऱ्याची म्हैस तिथं पाणी पिते. आम्ही दोऱ्याला मासा बांधून हौदात फिरवत होतो, तेवढ्यात म्हैस आली. तिनं तोंड खाली घातलं, मासा बघितला, आणि जी मागं सरकली ती थेट रस्त्यावर.

दोन दिवस ती हौदाकडं फिरकली नाही. शेजारीण भांडायला आली. "आमच्या म्हशीनं पाणी सोडलंय तुमच्या माशापायी. दुधाचं कसं करू?"

अण्णांचा चेहरा खुलला. "म्हंजे तिला खरा वाटला, व्हय?"

रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे, अजून वाचायला मिळेल. कोण चावलं: म्हैस, चावली नाही. घाबरली.

*

खरी टेस्ट तळ्यावर. चांदमामू तिथं मासे धरतात. आपल्याकडं बास कुठला, पण मरळ आहे, आणि मरळीचे दात सुईसारखे. अण्णांनी मामूला एक रबरी मासा दिला.

संध्याकाळी मामू आले. पिशवीत पाच मरळी आणि हातात रबरी मासा, नवा कोरा. एक ओरखडा नाही. अण्णांनी तो उजेडात धरला.

"मामू, पाच मरळी धरून ह्याला काय झालं न्हाई?"

"क्या होनेका उसको?" मामू म्हणाले. "मरळी गांडुळावर धरल्या. ह्यो दिवसभर माझ्या खिशात व्हता."

*

एक दिवस गिऱ्हाइकानं मोबाइलवर फोटो पाठवला. आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा बास मासा बघितला. हिरवट, जाड, तोंड भलतंच मोठं.

अक्का म्हणाली, "माय, ह्याच्या तोंडात माझा डबा बसंल की झाकणासकट."

मी विचारलं, "अण्णा, ह्याला दात असतेत का?"

"असतेत की. बारीक बारीक, किसणीवाणी."

मी टेबलाकडं परत गेले. त्या माशाला पण आहेत. अक्का मागून आली. तिला कळलं होतं. माझ्या हातातला साचा तिनं घेतला आणि म्हणाली, "कामून रडायलीस? पाणी घे, तोंड धू. हे मी वतते."

*

पंचमीला चार दिवस राहिले होते. एकोणीस नंबरचा मासा सगळ्यात पास झाला होता. वजन झालं, हौद झाला. तळ्यावर तर अण्णा स्वतः काठावर बसून होते, तोंडाला रुमाल बांधून. मरळ सात वेळा चावली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते सॅंपल पाठवायचं होतं. मी ते धुऊन टेबलाच्या कडेला वाळत ठेवलं आणि साच्याकडं वळले.

परत बघते तर सॅंपल नाही.

खाली वाकले. गौरी चटईवर बसलेली, आणि तिच्या तोंडातून शेपूट बाहेर.

मी मासा ओढून काढला, तिच्या तोंडात बोट घालून तुकडा शोधला. नव्हता. मासा उलटापालटा करून बघितला, अख्खा होता. पण शेपटीवर दोन चिरा होत्या. बारीक, शेजारी शेजारी.

अण्णा धावत आले. "एकोणीस नंबर? मरळीनं काय झालं न्हाई ह्याला. कोण चावलं?"

अक्कानं डब्यातला चमचा धुतला, गौरीला मांडीवर घेतलं आणि चमचा तिच्या हिरडीला लावला.

टिक.

मी अक्काला परत वाजवायला लावलं. मग परत एकदा. मला हसू पण आलं नाही. मी तिथंच खाली बसले.

अण्णांनी रजिस्टर उघडलं. 'कोण चावलं' मध्ये लिहिलं, गौरी. 'फाटला का' पाशी पेन धरून बराच वेळ थांबले. मग लिहिलं, थोडा. तो मासा त्यांनी मला देऊन टाकला.

घरी सासूबाई तुरी निवडत बसल्या होत्या. मी मासा त्यांच्या सुपात ठेवला. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला, चिरांवरून नख फिरवलं. "हे कोणतं जनावर चावलंय?"

मी गौरीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि हातात चमचा दिला. त्यांनी एकदा वाजवला. मग कान जवळ नेऊन परत वाजवला. उठल्या, मासा गौरीचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवला आणि परत तुरी निवडायला बसल्या.

सकाळी मी डबा भरत होते. चुलीपुढून त्यांचा आवाज आला.

"आजपास्नं तिचीबी भाकर घाल डब्यात."