बालाजीच्या गाडीतलं गाणं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. बापाला नाही. ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगून राहिलो — बसा जरा. फक्त एक करा, मधेच “तेव्हा तू पोरगंच होतास” असं म्हणू नका. डोकं फिरतं माझं. सतरा वर्षांचं घोडं पोरगं असतं का?

मी नायगावचा. बारावीला बापानं लातूरला नेऊन टाकलं. तेव्हा लातूरला गल्लीगल्लीत ट्यूशन, खांबाखांबावर बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो, आणि त्या फोटोंकडं बघत हिंडणारे आमच्यासारख्यांचे बाप. खोलीत आम्ही दोघं होतो, मी आणि बालाजी. बालाजी किल्लारीचा. भूकंपात घर बसलं त्यात आई गेली, बाप गेला. हा त्या दिवशी औशाला मावशीकडं होता म्हणून राहिला. पाच वर्षांचा होता. मावशीनंच त्याला वाढवलं.

आईचा फोटो नव्हता त्याच्याकडं. एक कॅसेट होती. भूकंपाच्या आधी मावशीच्या पोराचं बारसं झालं, तेव्हा कुणीतरी टेप चालू ठेवला होता, आणि त्यात बालाजीच्या आईनं पाळणा म्हटला होता. मधेच ती शब्द विसरते, हसते, आणि टेपपाशी लुडबुडणाऱ्या आपल्या पोराला म्हणते, “बाळ्या, बटनाला हात नको लावू.” एवढंच. बालाजी ती सणासुदीला एकदा लावायचा, परत रुमालात गुंडाळून ठेवायचा.

आता सलीमभाईंचं सांगतो. ट्यूशनच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पुढं कॅसेटी आणि सीड्या, पडद्यामागं तीन कॉम्प्युटर. रविवारची परीक्षा सुटली की आम्ही तिथं गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचो. गेममधली गाणी इंग्रजी, नुसता धांगडधिंगा. सलीमभाईंनी युक्ती काढली होती. गेमच्या फोल्डरमधलं गाणं उचलून बाजूला ठेवायचं, आपलं तिथं टाकायचं आणि त्याला जुन्याचंच नाव द्यायचं. गेम फसतो! शर्यत सुटली की आपलं गाणं सुरू. किनवटच्या पोराच्या गाडीत ढोल वाजायचा, उदगीरवाल्याच्या गाडीत कव्वाली, माझ्या गाडीत वरातीचा बँड. ज्याची पाळी त्याचं गाणं, असा कायदाच होता. ही अदलाबदल करण्यात मी लई पटाईत, म्हणून सलीमभाई मला कॉम्प्युटरला खुशाल हात लावू द्यायचे. बालाजीचं तेवढं गाणं नव्हतं. गेमचं जे वाजेल ते वाजू द्यायचा — आणि तरी पहिला यायचा.

कॅसेट घासत चालली म्हणून बालाजीनं ती सलीमभाईंना दिली, कॉम्प्युटरवर घेऊन सीडी करून द्या म्हणाला. घेता घेता शेवटाला टेपनं पट्टी खाल्ली. चुरगळली, तुटली. पण तोवर आवाज कॉम्प्युटरवर आला होता. कोऱ्या सीड्या संपल्या होत्या, सोमवारी येणार होत्या. म्हणजे त्या रविवारी बालाजीच्या आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता. हे सलीमभाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मला माहीत होतं, एवढं ध्यानात ठेवा.

त्याच रविवारी बॅचची यादी लागली. आमच्याकडं मार्कांवर बॅच ठरायची, दर महिन्याला पोरं वर-खाली. बालाजी पहिल्या बॅचमध्ये पहिला. मी पहिलीतून तिसरीत. एसटीडीवरून बापाला सांगितलं तर बाप म्हणाला, “त्या बिनआईबापाच्या पोराकडं बघ. तुला काय कमी हाय रे?” फोन ठेवून बाहेर आलो तर हा उभाच. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “होतंय रे, पुढच्या बारीला.”

कशाला ठेवला हात? हिणवलं असतं तर चाललं असतं! एक कानफटात दिली असती, मिटलं असतं. पण हा चांगुलपणा — माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी त्याच्या आधी दुकान गाठलं. त्याच्या आईचा आवाज उचलला आणि गेममध्ये टाकला, गाण्याच्या जागी, गाण्याच्या नावानं. नक्कल करून नाही, मूळच उचललं; म्हणजे आता तो आवाज फक्त गेमच्या फोल्डरात. कापायचं बटण आणि नकलेचं बटण शेजारी-शेजारी असतात. कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, बोट चुकलं. बरं, चुकलं असेल. पुढच्या वेळचं काय?

मला त्याला पोरांसमोर रडवायचं होतं. दुसरं काही नाही.

बालाजी आला, खेळायला बसला. शर्यत सुटली आणि पाळणा सुरू झाला. त्याचे हात बटणांवरून उठले. गाडी जाऊन भिंतीला धडकली, तिथंच चाकं फिरत राहिली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. एकानं बायकी आवाज काढला, “बाळ्याऽ!” मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. आता रडेल, आता रडेल —

तो हसला हो! कानापर्यंत हसला. “गप रे, आई हाय माझी!” म्हणाला, आणि पोरं खरंच गप झाली. त्याला वाटलं, सलीमभाईंनी मुद्दाम त्याच्यासाठी केलंय. त्यांना बोलवायला तो पडद्याबाहेर पळाला. पोरं आपापल्या खुर्चीला लागली.

मी एकटा त्याच्या कॉम्प्युटरपाशी. घाबरलो होतो का? नाही. घाबरलो असतो तर बरं झालं असतं, निदान तसं सांगता आलं असतं. मला संताप आला होता. हाही डाव त्यानंच मारला! गेम बंद केला. बाजूला ठेवलेलं जुनं गाणं परत जागेवर टाकायला घेतलं. कॉम्प्युटरनं विचारलं — या नावाचं एक आधीच आहे, ते पुसून हे टाकू का? साधं यंत्र, पण विचारतं हो. कुणाचा आवाज पुसला जाणार, मला माहीत होतं. मी ‘होय’ दाबलं. बोट चुकलं नव्हतं.

दोघं हसत हसत आत आले. गेम लावला. धांगडधिंगा वाजला. परत लावला. परत तेच. सलीमभाई घामाघूम होऊन फोल्डर उघडत राहिले आणि मीही शेजारी बसून शोधत होतो — हो, शोधत होतो! अजान झाली, नमाजाला उठले नाहीत. तुटलेली पट्टी जोडून बघितली, नुसती खरखर आली. शेवटी, घाईत आपणच तो आवाज भलत्या फोल्डरात टाकला असं धरून, ते बालाजीसमोर हात जोडून म्हणाले, “मेरीच गलती है बेटा. माफ कर.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान खाली घालून उभा. बालाजी त्या दुकानाची पायरी परत चढला नाही. खोलीवर आल्यावर मी त्याला म्हणालो, सलीमभाईंनी जपून करायला पाहिजे होतं. सलीमभाई आता नाहीत. जाईपर्यंत त्यांना वाटत राहिलं असेल, आपल्या हातून झालं.

गेल्या वर्षी बालाजीला मुलगी झाली. बारशाला किल्लारीला बोलावलं, मी गेलो. बायकांनी पाळणा म्हटला. त्याची बायको सहज बोलून गेली, सासूबाईंचा आवाज कसा होता कुणास ठाऊक. बालाजी म्हणाला, “मला आता नीट आठवत न्हाई. पण ह्यानं ऐकलाय. सांग की रे, कसा होता?” सगळ्या बायका माझ्याकडं बघून राहिल्या. मी म्हणालो, गोड होता. त्यानं परत माझ्या खांद्यावर हात ठेवला.

गोड नव्हता. घोगरा होता, सर्दी झाल्यासारखा. दुसऱ्या कडव्यात ती अडकते, खुदकन हसते, मागं कुणाचं तरी भांडं पडतं, आणि मग “बाळ्या” म्हणताना आवाज एकदम खाली आणते — रागावल्यासारखी, पण रागावलेली नाही. त्याला नाही आठवत. मला सगळं आठवतं.